एकोणीस इंचांची मांडणी

डेटा सेंटर म्हटले की मिणमिणते दिवे आणि पंख्यांची घरघर आठवते. पण ती सारी यंत्रे ज्या लोखंडी मांडणीत बसवलेली असतात, तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. तिचे नाव रॅक. आणि गंमत अशी की हा रॅक वयाने संगणकाहून वडील आहे!

गोष्ट अमेरिकेतली. १९१५ साली न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात टेलिफोनवर बोलणे सुरू झाले. एवढ्या लांब तारेवरून जाता जाता आवाज क्षीण होतो, म्हणून वाटेत त्याला बळ देणारे रिपीटर बसवावे लागले. आरंभी हे रिपीटर फळ्यांवर, लाकडी पेट्यांत, जमेल तसे ठेवीत. लांब पल्ल्याच्या लाइनी वाढल्या तशी ही अडगळ परवडेना. मग १९२२ च्या सुमारास एटी अँड टी कंपनीच्या इंजिनियरांनी माप बांधून दिले: पट्टी १९ इंच रुंद, उंची पावणेदोन इंचांच्या पटीत. दोन उभे खांब, त्यांना भोके, आणि कारखान्यातून आलेली पट्टी नुसती स्क्रूने आवळायची. पुढे रेडिओ केंद्रांच्या यंत्रखोल्यांतही हेच रॅक शिरले.

ते पावणेदोन इंच म्हणजेच आजचा ‘यू’, ४४.४५ मिलिमीटर. सर्व्हर ‘एक यू’चा की ‘दोन यू’चा, असे विचारतात ते याच मापाने. नेहमीचा रॅक ४२ यूचा, म्हणजे आतली उंची सहा फूट दीड इंच. १९ इंचांत यंत्राचे दोन्ही बाजूंचे कानही आले बरे का! खांबांमधून आत जाणारे अंग त्याहून अरुंद असते.

आता भोकांकडे नीट पाहा. दर यूला तीन भोके, पण अंतर सारखे नाही. पाच अष्टमांश, पुन्हा पाच अष्टमांश, मग अर्धा इंच. अर्ध्या इंचाची जोडी दिसली की तिच्या मध्यावर एक यू संपतो, दुसरा लागतो. नवखा माणूस एक भोक चुकवतो आणि वरचे यंत्र काही केल्या बसत नाही. चौकोनी भोकांत बसवतात त्या पिंजऱ्यातल्या चाकीला केज नट म्हणतात. ती बसवताना बोटे सोलवटली नाहीत असा कारागीर विरळाच.

टेलिफोनवाल्यांनी रुंदी आणि उंची बांधली, खोली मात्र मोकळीच राहिली. त्यांच्या पट्ट्या हलक्या, दोन खांबांवर भागत असे. सर्व्हर लांब आणि जड. त्याला चार खांब लागतात, शिवाय सरकत्या पट्ट्या. तेव्हा रॅक घेताना खोली मोजून घ्या, नाहीतर मागचे दार लागायचे नाही.

रिकाम्या जागेलाही पट्टी लावतात, ब्लँकिंग पॅनेल. ती शोभेची नव्हे. सर्व्हर समोरून गार हवा ओढतो, मागून ऊन सोडतो. मध्ये फट राहिली की ती ऊन हवा वळून पुन्हा पुढे येते आणि यंत्र आपलाच उच्छ्वास पोटात घेते.

२०११ साली फेसबुकने पुढाकार घेऊन ओपन कॉम्प्यूट प्रकल्प सुरू केला. त्यातला रॅक आतून २१ इंचांचा आहे आणि त्याचा यू ४८ मिलिमीटरचा. रॅकची बाहेरची रुंदी मात्र त्यांनी नेहमीचीच ठेवली, ६०० मिलिमीटर.