सनद

खेड्यातला माणूस वकिलाच्या हाती जमिनीचे कागद देतो आणि वकीलपत्रावर अंगठा उठवून मोकळा होतो. म्हणून वकिलानं पैशाची लबाडी केली, तर नुसत्या तुरुंगानं भागत नाही. सनदही जायला पाहिजे.

हे इंग्रजांनीही ओळखलं होतं. चारित्र्यातली खोट दाखवणाऱ्या गुन्ह्यात प्लीडराला शिक्षा झाली, तर हायकोर्ट त्याला काढू शके, असं १८७९ च्या कायद्यात होतं. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनं शिस्तीचं काम बार कौन्सिलकडं आलं. १९७३ साली कलम २४-अ घातलं : नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद नाही. पण सुटून दोन वर्षं झाली की दार उघडं! आधीच सनद असलेल्याचं काय, ते त्यात नव्हतंच. ही बंदी त्यालाही लागते, असं सुप्रीम कोर्टानं २०१६ साली सांगितलं.

दोन वर्षांच्या आंब्याच्या कलमाचा मोहोर आम्ही खुडून टाकतो. खोड तयार नसतं. मग माणसावर इतक्यात भरवसा कसा टाकायचा?

नाव कायमचं काढायला कलम ३५ आहे. बार कौन्सिल आपण होऊनही चौकशी लावू शकतं. पण अशिलानं गप्प बसू नये. लेखी तक्रार द्यावी. वकिलाला फी देतो तसा त्याच्याकडं हिशेब मागायचा हक्कही आपलाच.