चित्रशोधाचे जुने दप्तर
फेब्रुवारी 2000मध्ये ग्रॅमी समारंभात जेनिफर लोपेझने परिधान केलेला हिरवा पोशाख पाहण्यासाठी लोकांची जी झुंबड उडाली, तिला केवळ मजकुराचे दुवे पुरविणे अपुरे पडते हे ध्यानी आल्यावर गूगलने जुलै 2001मध्ये चित्रशोध सुरू केला. परंतु शोधयंत्राने कोठे जावे आणि कोठे जाऊ नये याचा जाबता त्यापूर्वीच, 1994मध्ये, मार्टाइन कोस्टर यांनी सुचविलेल्या ‘रोबोट्स’ नामक लहानशा फाइलीने घालून दिला होता; आणि खरी मेख येथेच आहे. संकेतस्थळाची पुनर्रचना होते, कारभारी बदलतात, पण चित्रांच्या कप्प्यास मनाई करणारा जुना हुकूम त्या फाइलीत रद्द न होता तसाच राहतो, आणि आज्ञाधारक शोधयंत्र उत्तमोत्तम छायाचित्रांच्या दारातूनच परतते. उलट, 2005पासून प्रचारात आलेल्या साइटमॅपची, म्हणजे संकेतस्थळाने शोधयंत्रास पुरविलेल्या पत्त्यांची, यादी कालबाह्य राहिली, तर तेच यंत्र नष्ट झालेल्या पत्त्यांवर हेलपाटे घालते. आणि काढून टाकलेल्या चित्राची लघुप्रतिमाही पुढील फेरीपर्यंत शोधात दिसत राहते. चित्राचे स्थान बदलताना जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याची नोंद न ठेवणे ही मला सर्वांत दुःखद हयगय वाटते, कारण वर्षानुवर्षे इतरांनी दिलेल्या दुव्यांमुळे त्या चित्रास लाभलेली ओळख तिच्यापायी हळूहळू पुसली जाते.