शेजारच्या शाळेचा हक्क : बुधवार पेठेतून दिसणारा इतिहास

अपंगत्व किंवा शिकण्यातील विशिष्ट अडचण असलेल्या मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे साधने, पद्धती आणि प्रशिक्षित शिक्षक पुरवून दिले जाणारे शिक्षण म्हणजे विशेष शिक्षण. ते स्वतंत्र शाळेत द्यावे की सर्वांच्या शाळेत, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद अलीकडचा मानला जात असला तरी त्याचे मूळ रूप पुण्याच्या बुधवार पेठेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच उभे राहिले होते. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी या पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि ३ जुलै १८५१ रोजी याच पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात आणखी एक शाळा सुरू झाली. या शाळा वेगळ्या निघाल्या, त्या कोणाला वेगळे ठेवायचे होते म्हणून नव्हे, तर सर्वांची म्हणवणारी दारे आधीच बंद होती म्हणून. हा भेद पुढील सर्व वादांत निर्णायक ठरतो.

त्या बंद दाराचे समर्थन कसे केले जात असे, हे १८५६ च्या धारवाड प्रकरणात स्पष्ट दिसते. तेथील सरकारी शाळेत प्रवेशासाठी एका महार मुलाने अर्ज केला असता, एकासाठी बहुसंख्यांना शाळेचा उपयोग उरणार नाही, असे कारण देऊन मुंबई सरकारने त्याला नकार दिला. आज अपंग मुलाच्या पालकांना शाळेच्या दारात 'बाकीच्या मुलांचे नुकसान होईल' असे ऐकवले जाते, तेव्हा तोच युक्तिवाद नव्या शब्दांत पुन्हा उभा राहिलेला असतो.

पुढे देहविक्रयाची वस्ती म्हणूनही ओळखल्या गेलेल्या बुधवार पेठेच्या अर्वाचीन इतिहासात हा प्रश्न देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांच्या रूपाने परत आला. अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा व वसतिगृहे असावीत, अशी मागणी गौरव जैन या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. स्वतंत्र शाळा मुलांच्या हिताच्या नाहीत, त्यांना समाजात मिसळू द्यावे, अशी भूमिका न्यायालयाने १९८९ मध्ये घेतली. परंतु याचिकाकर्ते वकील होते, माता नव्हत्या, आणि ज्यांच्या मुलांविषयी निर्णय होत होता त्यांचे म्हणणे त्या काळी मागे राहिले, ही या प्रकरणातील खरी उणीव होय. आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणाने मूल तिच्यापासून तोडू नये, हे न्यायालयाने स्पष्टपणे सांगायला २०२२ साल उजाडावे लागले.

विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात पालक याहून लवकर पुढे आले. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मालिनी चिब यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करून स्वतंत्र शाळा उभारली, आणि पुढे त्याच संस्थेने मुलांना सर्वसाधारण शाळांत नेण्याचे काम हाती घेतले. वेगळी शाळा हा मुक्काम नसून वाट असू शकते, हे या प्रवासातून जितके समजते तितके कोणत्याही अहवालातून समजत नाही.

अपंग मुलांचा शिक्षणाचा हक्क कायद्याने टप्प्याटप्प्याने मान्य केला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन अपंग बालकाचा 'वंचित गटा'त समावेश झाला. तिचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही : सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि वंचित गटांतील पालकांना प्रमाणशीर स्थान मिळावे असा नियम असल्याने, अपंग मुलाची आई आता दाराबाहेर अर्ज घेऊन उभी राहणारी व्यक्ती न राहता समितीच्या बैठकीत बसण्यास पात्र झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तर सहा ते अठरा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. हा हक्क मात्र 'लक्षणीय दिव्यांगत्व' असलेल्या, म्हणजे किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलांपुरता आहे. त्यामुळे आकडा चाळिसाखाली राहिलेल्या मुलाच्या पालकांना याच कायद्यातील सर्वसमावेशक शिक्षणाच्या सामान्य तरतुदीचा आधार घेऊन प्रत्येक शाळेशी स्वतंत्रपणे झगडावे लागते.