भगेला, सालगडी आणि कर्जाचा कागद

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना करणारा जो कायदा संसदेने केला, त्यात इस्लापूर या लहानशा गावाचे नाव आलेले आहे. मुंबई राज्यात हैदराबादचा कोणता मुलूख यावयाचा हे सांगताना त्या कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ यांचा निराळा उल्लेख केला. आज हे गाव नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात आहे, आणि प्रवाशांस ते ठाऊक असते ते बहुधा पैनगंगेवरील सहस्रकुंडाच्या धबधब्यामुळे. माझ्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व वेगळे आहे. राबणाऱ्या माणसाच्या बंधनाला तेलंगणात एक नाव होते, मराठवाड्यात दुसरे. आणि इस्लापूर नेमके त्या दोहोंच्या शिवेवर वसलेले आहे.

तेलंगणातील ते नाव म्हणजे ‘भगेला’. लग्नासाठी किंवा दुष्काळात पोटासाठी सावकाराकडून काही रक्कम घ्यावयाची आणि ती फिटेतो त्याच्या घरी व शेतावर राबावयाचे, असा हा व्यवहार. वरकरणी हा करारच. पण व्याजाचा हिशेब मालकाच्या हाती असल्यामुळे बापाचे कर्ज मुलाच्या अंगावर येई आणि करार पिढीजात होई. आपल्याकडचा सालगडी हाही उचल घेऊनच कामास लागतो. तथापि त्याचे साल पाडव्यास संपते, आणि निदान तत्त्वतः तरी त्यास दुसरा धनी पाहता येतो. सालगडी आणि भगेला यांतील अंतर केवळ एवढेच आहे. उचल फिटली नाही की तेही नाहीसे होते, हे खेड्यांत राहिलेल्यांस निराळे सांगावयास नको.

अशा माणसाच्या बाजूने कायदा पूर्वीपासून उभा होता असे मात्र कोणी समजू नये. शेजारच्या ब्रिटिश मुलुखात १८५९ चा तेरावा कायदा उलट मालकाच्याच हाती शस्त्र देत होता. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास वा मजुरास मॅजिस्ट्रेटने रक्कम परत करावयास किंवा काम पुरे करावयास सांगावे, आणि न ऐकल्यास तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात धाडावे, अशी त्यात तरतूद होती. करार मोडणाऱ्या मालकास मात्र तुरुंगाची भीती नव्हती! हा कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडावे लागले.

निजामाच्या राज्यात या प्रश्नाकडे लक्ष गेले ते थोडे आडवाटेने. १९४० साली आदिलाबादच्या रानात गोंडांचा पुढारी कुमरम भीम जंगलजमिनीच्या हक्कासाठी लढताना मारला गेला. त्यानंतर क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने त्या मुलुखात राहून गोंडांच्या स्थितीची पाहणी केली. याच काळात, १९४३ साली, हैदराबाद सरकारने भगेला करारांसंबंधी विनियम जारी केला. नाव लक्षात घ्यावे: भगेल्याची चाल बंद करणारा नव्हे, तर भगेल्याचे करार नियमांत बसविणारा हा कायदा होता. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण करारावर उभारलेला कायदा अखेर कागदाकडेच पाहणार. दरबारची भाषा उर्दू. अंगठा उठविणाऱ्याची गोंडी, तेलुगू किंवा मराठी. ज्यास कागद वाचता येत नाही त्यास त्या कागदातून संरक्षण कसे मिळावे?

१९५० च्या राज्यघटनेने २३ व्या कलमात वेठ व सक्तीची मजुरी निषिद्ध ठरविली. पण तिला अंमलाचे हातपाय मिळण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा झाला. त्याने कर्ज नियमांत बसविले नाही, ते बुडविले. वेठबिगारीच्या कर्जाची फेड करण्याची जबाबदारीच संपली. मजुरास त्याच्या राहत्या जागेतून हुसकता येईना. सक्तीने राबविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. माझ्या मते मात्र त्यातील मोलाचे कलम १५ वे. कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने किंवा दक्षता समितीने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर आहे. वाचता न येणाऱ्याने कागद दाखवावा, ही जुनी अपेक्षा येथे प्रथमच उलटली.

उलटली खरी, पण सहजासहजी नव्हे. फरीदाबादच्या दगडखाणींतील मजुरांचा दावा सर्वोच्च न्यायालयात चालला तेव्हा हरियाणा सरकारच्या वतीने असा युक्तिवाद झाला की, हे मजूर सक्तीने राबत असतीलही, पण आगाऊ रकमेपायी राबत आहेत हे दाखविल्यावाचून त्यांना वेठबिगार म्हणता येत नाही. कायदा होऊन सात वर्षे लोटल्यावर सरकारच पुन्हा मजुराकडे पुरावा मागू लागले! १९८३ च्या निकालात न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. सक्तीची मजुरी दिसून आली की ती आगाऊ रकमेपायीच आहे असे गृहीत धरावयाचे, आणि तसे नसल्यास मालकाने किंवा सरकारने दाखवावयाचे, असे ठरले. त्याच्या आदल्या वर्षी, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीदेखील सक्तीच होय असे याच न्यायालयाने म्हटले होते.

मराठवाड्यातून दर वर्षी ऊसतोडीस जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊनच घर सोडतात. नवराबायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरतात. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या खाती ओढली जाते. प्रत्येक उचल काही वेठबिगारीचे कर्ज नसते. पण फेडीपायी माणसाला अडवून ठेवले अशी तक्रार झालीच, तर त्या बाकीचा हिशेब मुकादमाच्या वहीतून काढावा लागेल, आणि १५ व्या कलमान्वये ती वही खरी ठरविण्याचे काम मुकादमाचे आहे.