पानांचे रंगांतर (वऱ्हाड)

पानांचे रंगांतर : गळण्यापूर्वी पानातील हरितद्रव्य विघटित झाल्याने त्यास येणारा पिवळा, तांबडा अथवा तपकिरी वर्ण. समशीतोष्ण देशांत हा पालट शरद ऋतूत, दिनमान घटून थंडी पडू लागली म्हणजे दिसतो; वऱ्हाडात, आणि विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेड (ता. तेल्हारा, जि. अकोला) या गावाच्या आसमंतात, तो जमिनीतील ओल सरत आल्यावर, बहुतांशी पौषापासून फाल्गुनापर्यंत घडतो. हिवरखेड सुमारे २१° उत्तर अक्षांशावर असल्याने तेथील सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांतील अंतर अवघे अडीच तासांचे, तर लंडनच्या अक्षांशावर तेच पावणेनऊ तासांच्या घरात जाते. यास्तव येथील पानझडीस दिनमान वा थंडी यांपेक्षा पाण्याचा तुटवडा अधिक कारण होतो, असे मानतात.

प्रक्रिया : हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते आणि त्यास धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत नत्र गुंतलेले असते. पान टाकण्यापूर्वी वृक्ष त्यातील नत्राचा व स्फुरदाचा बराच अंश खोडाकडे वसूल करून घेतो. हिरवा रंग लोपताच पानात पूर्वीपासून असलेली पिवळी कॅरोटिनॉइडे प्रकट होतात. तांबडी अँथोसायनिने मात्र बहुधा याच सुमारास नव्याने निर्माण होतात; तपकिरी छटा मुख्यतः टॅनिनांची. पुढे देठाच्या बुडाशी ऑक्सिन घटून एथिलिनचा प्रभाव वाढतो, विलगस्तरातील (पान जेथून सुटते त्या थरातील) पेशींच्या भित्ती शिथिल होतात आणि पान गळते. वनस्पतींतील रंगद्रव्यांच्या, विशेषतः हरितद्रव्याच्या, संशोधनाबद्दल रिचर्ड व्हिलश्टेटर यांस १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मरू घातलेल्या पानात तांबडे द्रव्य निर्माण करण्यात वृक्षाचे प्रयोजन काय, याविषयी मतैक्य नाही. काही त्यास प्रखर उन्हापासूनचे संरक्षण समजतात, तर काही कीटकांस दिलेला इशारा.

वनवृक्ष : हिवरखेडच्या उत्तरेस मेळघाटचे शुष्क पानझडी अरण्य असून, व्याघ्रप्रकल्पाच्या आरंभीच्या (१९७३-७४) नऊ क्षेत्रांत त्याचा समावेश होता. त्यातील प्रमुख वृक्ष साग. उथळ, मुरमाड उतारावरील साग आधी पिवळा-तपकिरी होऊन निष्पर्ण होतो आणि नाल्याकाठचा त्याच जातीचा साग कित्येक आठवडे हिरवा राहतो. थंडी दोहोंस सारखीच असताना हा फरक पडतो, हा ओलीच्या पक्षाचा ठळक पुरावा होय. भाद्रपद-आश्विनात सागाची पाने करडी व जाळीदार झालेली आढळतात, ती मात्र पानझड नव्हे. पानाचा गर खाऊन शिरा शिल्लक ठेवणाऱ्या अळीचे ते काम असते. धावड्याची पाने गळण्यापूर्वी तांबूस होतात. कुसुम व पिंपळ यांची तांबडी पाने जून नसून नवी पालवी असते. पळस व काटेसावर पाने टाकून फुलतात. कित्येक वृक्षांस पाऊस येण्यापूर्वीच, ऐन उन्हाळ्यात, पालवी फुटते. तिचे कारण वाढते दिनमान की खोडात साठलेले पाणी, हा प्रश्न वादग्रस्त आहे. वाळलेल्या पाचोळ्यामुळे वणव्याचे भय वाढत असल्याने वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते.

कपाशीवरील लाल्या : वऱ्हाडातील शेतकऱ्यास पानांचे तांबडेपण अरण्याहून अधिक पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) शेतात परिचित आहे. बोंडे भरू लागली म्हणजे ती जून पानांतील नत्र व मॅग्नेशियम ओढून घेतात. त्यातच जमिनीची ओल तुटली आणि कार्तिक-मार्गशीर्षात रात्री गार झाल्या, की पाने कडेकडून पिवळी पडून लाल होतात व अकाली गळतात; यासच लाल्या म्हणतात. रंगांतरात थंडीचाही वाटा असल्याचे वऱ्हाडातील हे ठळक उदाहरण होय. तुडतुड्यांच्या उपद्रवानेही पानांच्या कडा लालसर होत असल्याने उपाययोजनेपूर्वी पानांची खालची बाजू तपासणे अगत्याचे असते. अन्नद्रव्यांची उणीव असल्यास युरिया व मॅग्नेशियम सल्फेट यांची फवारणी करतात. परंतु एकदा लाल झालेले पान सहसा पूर्ववत हिरवे होत नाही. २००२ नंतर प्रसार पावलेल्या बीटी संकरित वाणांत बोंडांचा भार एकाच वेळी येत असल्याने ही विकृती बळावली, असे सांगण्यात येते. त्याबाबत मतभेद आहेत.

संत्रा : मोर्शी तालुक्यात (जि. अमरावती) हिवरखेड नावाचेच दुसरे गाव असून तो मुलूख संत्र्याचा आहे. तेथे बहारासाठी बगीचा ताणावर सोडतात, म्हणजे ओलीत बुद्धिपुरस्सर बंद करतात. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात, मृग बहारासाठी उन्हाळ्यात. पानांची तकाकी जाऊन ती फिकट पडली व काही गळली, की ताण पुरेसा बसला असे समजून खत व हलके पाणी देतात आणि झाड नवती घेऊन फुलते. भारी काळ्या जमिनीत ताण बसण्यास अधिक दिवस लागतात. ताण अतिरेकी झाल्यास फांद्या वाळतात.

लोकव्यवहार : मोहाखालचा पाचोळा फुले वेचण्यापूर्वी झाडतात, काही ठिकाणी तो पेटवतात.