‘श्वापद’ या संज्ञेचा अर्थविस्तार : १७७६ चे एक अमेरिकन प्रवचन

कनेटिकटमधील धर्मोपदेशक सॅम्युअल शेरवुड याने १७ जानेवारी १७७६ रोजी दिलेले एक प्रवचन त्याच वर्षी छापून प्रसिद्ध झाले. टॉमस पेनच्या ‘कॉमन सेन्स’ला तेव्हा अवघा आठवडा लोटला होता. शेरवुडचा आधार मात्र तर्काचा नसून बायबलमधील ‘प्रकटीकरण’ ग्रंथाच्या बाराव्या अध्यायाचा होता. तेथे गरुडाचे पंख लाभलेली एक स्त्री अरण्यात जाते आणि तिला बुडविण्यासाठी सर्प मुखातून पूर सोडतो. शेरवुडच्या मते स्त्री म्हणजे ख्रिस्तमंडळी, अरण्य म्हणजे अमेरिका आणि पूर म्हणजे ब्रिटिश सरकारची कृत्ये. त्यांतही क्यूबेकमधील कॅथलिक पंथास मोकळीक देणारा १७७४ चा कायदा.

सत्ययुगाची आशा दाखविणाऱ्या या विवेचनात एक शब्द पाहण्याजोगा आहे. ‘श्वापद’ ही संज्ञा प्रॉटेस्टंट परंपरेत प्रायः पोपला उद्देशून योजिली जाई. १७४५ मध्ये लुईबर्ग व १७५९ मध्ये क्यूबेक पडले, तेव्हा न्यू इंग्लंडच्या धर्मपीठांवरून ती कॅथलिक फ्रान्सला लावण्यात आली. इंग्लंडचा राजा त्या काळी धर्माचा रक्षक होता. पुढे सतरा वर्षांच्या आत तीच संज्ञा त्याच्या मंत्र्यांकडे वळली. हे घडू शकले, कारण श्वापदाचे लक्षण पंथ न राहता जुलूम हे ठरले होते. (मराठी बायबलातही ‘श्वापद’ हाच शब्द आहे, परंतु आपल्या कानांना त्यात केवळ रान ऐकू येते.) १७७८ मध्ये कॅथलिक फ्रान्सशीच तह झाला, तेव्हा हा अर्थबदल किती सोयीचा होता हे कळून आले.

नेथन हॅच यांनी १९७७ च्या ग्रंथात या प्रवृत्तीस धर्म व स्वातंत्र्य यांच्या संयोगाचे रूप मानले. उलट, मेल्विन एंडी यांनी १९८५ मध्ये दाखविले की, बहुसंख्य उपदेशकांनी युद्धाचे समर्थन न्याय्य युद्धाच्या जुन्या कसोट्यांवर केले. संख्येचा प्रश्न एंडींच्या बाजूने सोडविणे मला रास्त वाटते. तथापि शेरवुडसारख्या थोड्यांच्या भाषेचा परिणाम निराळा होता. करांचा वाद तडजोडीने मिटविता येतो. सर्पाशी तडजोड कशी करावी? राजनिष्ठ शेजारी या भाषेत चुकलेला नागरिक उरत नाही, तो सर्पाचा सेवक होतो. अब्राहम केटेल्टसने १७७७ मध्ये न्यूबरीपोर्ट येथे या लढ्यास स्वर्ग व नरक यांच्यातील लढा म्हटले, तेव्हा मध्ये उभे राहण्यास जागाच शिल्लक नव्हती.