मिझुकी शिगेरू मार्ग

जपानच्या होन्शू बेटावरील तोत्तोरी प्रांतात, साकाइमिनातो या मासेमारीच्या बंदरगावात असलेला, दुतर्फा योकाइंचे कांस्यपुतळे बसवलेला सुमारे ८०० मीटर लांबीचा रस्ता. जपानी लोककथांतील भुते, मायावी प्राणी, सजीव झालेल्या जुन्या वस्तू आणि अकारण घडणारे चमत्कार या सर्वांना मिळून योकाइ म्हणतात. गावातील बाजारपेठेला लागलेली उतरती कळा थांबावी म्हणून १९९३ मध्ये २३ पुतळ्यांनी या मार्गाचा आरंभ झाला आणि २०१८ च्या नूतनीकरणानंतर पुतळ्यांची संख्या १७७ झाली.

ज्यांचे नाव या मार्गाला दिले आहे ते चित्रकथाकार मिझुकी शिगेरू (१९२२–२०१५) याच गावात वाढले. ‘नोन्नोनबा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका वृद्धेने त्यांना लहानपणी योकाइंच्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर डावा हात गमावल्यानंतरही त्यांनी चित्रकला सोडली नाही आणि भूतकुळातील कितारो या मुलाच्या चित्रमालिकेने ते घराघरांत पोहोचले.

मिझुकींचे खरे मोठेपण मात्र लोककथांना दृश्यरूप देण्यात आहे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी गोळा केलेल्या माहितीत अनेक योकाइ केवळ अनुभव म्हणून येतात : नारा भागातील सुनाकाके-बाबा ही निर्जन वाटेवर वाटसरूंवर वाळू उधळते, पण ती कोणालाच दिसत नाही; तर क्यूशूच्या किनाऱ्यावरील नुरिकाबे ही रात्री वाट अडवणारी भिंत असून तिच्या तळाशी काठी फिरवली की ती नाहीशी होते. त्यांना चेहरा व अंग मिझुकींनी दिले, आणि आज जपानी मुले हे योकाइ बहुधा त्याच रूपात ओळखतात. त्यामुळे येथील पुतळे लोककथांइतकेच एका कलावंताच्या कल्पनेचेही आहेत, हे ध्यानात ठेवून ते पाहावेत.

योनागो शहराहून साकाइ लोहमार्गाने येथे येता येते. या लोहमार्गावरील स्थानकांनाही योकाइंची टोपणनावे आहेत. बहुतेक पुतळे लहान असून पदपथालगतच्या चौथऱ्यांवर बसवलेले असल्याने ते अगदी जवळून पाहता येतात, म्हणून भरभर चालत जाण्यापेक्षा प्रत्येकापाशी थांबणे श्रेयस्कर. अंधार पडल्यावर पुतळे उजळतात व रस्त्यावर योकाइंच्या सावल्या पाडल्या जातात. मार्गावरील मिझुकी शिगेरू स्मारक संग्रहालय २००३ मध्ये सुरू झाले असून पुनर्बांधणीनंतर ते २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले.